तुम्ही न पुकारलेला गेदर

आई,

तुम्हाला शेवटचं नेलं त्या दिवशी बंदरावर लिलाव झाला नाही. तसं कोणी ठरवलं नव्हतं. बोटी लागल्या, टोपल्या उतरल्या, बर्फ फोडून झाला, व्यापारी येऊन उभे राहिले, पण माल पुकारायला एकही बाई पुढे आली नाही. मला हे मागाहून कळलं. ज्या बायका कितीतरी महिने तुमच्याशी धड शब्द बोलल्या नव्हत्या, त्या सगळ्या आपल्या अंगणात येऊन बसल्या होत्या. त्यांतल्या विमलने तुमचे केस विंचरले. तुमची साथ सोडल्यापासून ती तुमच्या सावलीलाही उभी राहत नव्हती, पण फणी तिनेच मागून घेतली. विंचरताना पुटपुटत होती, "एवढी हट्टी बाय मी जन्मात बघितली नाय." तिच्या डोळ्यांतलं पाणी तुमच्या कपाळावर पडलं, ते तिने पदराने टिपलं.

तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलतेय. आता मासेमारीला पावसाळी बंदी आहे. बोटी वर ओढून शाकारल्यात, बंदर सुनं आहे, हातांना फारसं काम नाही. म्हणून लिहायला बसले. एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. ती तुम्ही गेल्यावर मला कळली, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. पण ती एकदम सांगता येत नाही. आधी बाकीचं बोलायला हवं.

तुमच्यासमोर मी ह्यांचं नाव कधी घेतलं नाही. इथे घेते. नाहीतर 'हे' कोण आणि 'ते' कोण यात माझाच गोंधळ होईल. दिनेश तुमचा एकुलता एक, आणि तुम्ही दोघं एका मातीची. ही एवढी गोष्ट समजायला मला संसाराची निम्मी वर्षं लागली.

मी नाट्याहून लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, मासळीतलं मला सगळं येतं. माझ्या बापाचीही होडी होती. पण तुम्ही पहिल्याच आठवड्यात गेदर रांधलात आणि मी ताटावर नाक मुरडलं. शहरातले लोक ज्याला टुना म्हणतात तोच हा, पण आमच्याकडे तो कोणी घरात घेत नसे. काळं मांस, उग्र वास, ट्रकात भरून परमुलखात जाणारा मासा. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत. आणि तुमच्या ताटातली एक तुकडी माझ्या भाताच्या कडेला ठेवलीत. तिरफळ, आमसूल आणि तुमचा तो लालभडक मसाला. मी खाल्ली. मग आणखी मागितली. तेव्हा सासरे, आपले आबा, हसले आणि म्हणाले, "गेदर वायट नसतो गो, त्याला धरणारा वायट असतो."

आबा गळाचे मासेमार. होडी चालती ठेवायची, मागे गळ सोडायचा, लागला की एकेक वर घ्यायचा. वर घेतल्याबरोबर कल्ल्यामागे सुरी लावून रक्त काढायचं आणि बर्फात घालायचं. त्यामुळे आपल्या घरातल्या गेदराचं मांस कधी काळं झालं नाही. लहान मासा लागला तर ते गळ सोडवून परत टाकायचे. त्यात काही मोठं तत्त्व सांगत नसत. पुढच्या वर्षी हाच भेटेल, एवढंच म्हणत. आबा गेले, होडी विकली, आणि दिनेश दुसऱ्यांच्या बोटीवर जायला लागले.

मग भागीदारीत मोठी बोट आली. गोल फिरवून टाकायचं जाळं, तळाचा दोर ओढला की पिशवीसारखं बंद होणारं. लोक म्हणतात, तुम्ही पहिल्यापासून त्या बोटीच्या विरुद्ध होतात. ते खरं नाही, आणि ते मी बंदरावर सगळ्यांना सांगते. तुम्ही तिच्यावर नारळ फोडलात. पुढच्या टोकाला हळदकुंकूही तुम्हीच आनंदाने लावलंत. पहिल्या फेरीचा माल तुम्हीच पुकारलात आणि असा पुकारलात की व्यापारी एकमेकांकडे बघायला लागले. तुमचा तो आवाज. खडीसाखर चघळून, कमरेला पदर खोचून, टोपलीवर एक पाय ठेवून तुम्ही पहिला आकडा टाकायचात, आणि पुढे तो चढत चढत जायचा. मला तुम्ही तो शिकवायला बघितलात. मी घाबरून खाली आकडा धरायची. "माशाची लाज वाटते का गो तुला?" असं विचारायचात. शेवटी माझी बदली तुम्हीच शहरातल्या मासळी बाजारात केलीत. तिथे मी गिऱ्हाइकाशी निवांत बोलू शकते, हे तुम्ही ओळखलंत. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात ती पद्धतच नव्हती.

बोटीवर दिवे आले तिथून बिघडलं. समुद्रात अंधारात झगझगीत एलईडी लावायचे, मासा उजेडाला गोळा झाला की जाळं फिरवायचं. त्याला बंदी आहे हे बंदरावरच्या कुत्र्यालाही माहीत आहे, आणि कोणाच्या बोटीवर दिवे आहेत हेही. दिनेश म्हणायचे, सगळे लावतात, परराज्यातल्या बोटी लावतात, आपण अंधारात बसून काय करायचं? भागीदार मागे लागलेला, बोटीच्या कर्जाचे हप्ते थांबत नाहीत, आपली सई दापोलीला शिकायला ठेवलेली. मला त्यांचं म्हणणं पटत होतं. अजूनही सगळं खोटं वाटत नाही.

तुम्ही घरात सांगून बघितलंत. जेवताना, चहाच्या वेळी, देवळात जाताना. एकदा म्हणालात, "दिवा लावून पाहुण्याला बोलवतात रे. धरायला नाय." दिनेश उठून गेले.

आणि मग ती सकाळ. मी त्या दिवशी बर्फ न्यायला बंदरावर आले होते, म्हणून मी ते डोळ्यांनी बघितलं. दिनेशची बोट लागली. टोपल्यांमागून टोपल्या उतरल्या, आणि सगळ्या टोपल्यांत तळहाताएवढा गेदर. चंदेरी, गुळगुळीत, डोळे अजून चमकणारे. तुम्ही नेहमीसारख्या पुढे आलात. टोपलीत हात घातलात, एक मासा उचललात, त्याच्या पोटावरून अंगठा फिरवलात. मग दुसरा. मग तो परत ठेवलात आणि पाय टोपलीवरून खाली घेतलात.

दिनेश म्हणाले, "पुकार ना."

तुम्ही आवाज चढवला नाहीत. पण तुमचा साधा आवाजही साऱ्या जेटीवर जायचा. "ह्यांनी अजून एकदा पण अंडी घातलेली नायत, दिन्या. हा माल मी पुकारणार नाय."

कोणीतरी हसलं. दिनेशचा चेहरा मी तेव्हा बघितला आणि मला तुमचा राग आला. आई, तो राग मला अजून येतो. चारचौघांत, खलाशांसमोर, व्यापाऱ्यांसमोर. घरी बोलला असतात तर? हे मी तुम्हाला त्याच दुपारी विचारलं होतं. तुम्ही पाय धूत होतात. म्हणालात, "घरात सांगितलेलं घरातच ऱ्हातं."

तो माल विमलने पुकारला. तिचा काही दोष नव्हता, कोणीतरी पुकारणारच होतं. दिनेशनी त्या दिवसापासून तुमच्याशी बोलणं सोडलं.

एका घरात दोन माणसं न बोलता कशी राहतात ते मला विचारावं. तुम्ही ओट्याजवळून म्हणायचात, "त्याला सांग, भात वाढलाय." ते चार पावलांवरून म्हणायचे, "तिला सांग, भूक नाय." मी मधे उभी. सुरुवातीला मी खरोखर निरोप सांगायची, दोन्हीकडचं दोन्हीकडे, पोपटासारखी. मग कंटाळले आणि गप्प राहायला लागले, कारण ऐकू तर दोघांनाही येतच होतं. सई सुट्टीत आली की हसायची, म्हणायची, आजी आणि बाबांना एकेक वायरलेस घेऊन दे. तिला वाटायचं महिन्याभरात मिटेल. मलाही तसंच वाटायचं.

पण तुम्ही रुसून बसणाऱ्या नव्हतात. सुलेमानभाईंना तुम्हीच गाठलंत. आबांच्या बरोबरीचे, लहान होडी, अजून गळानेच मासा धरणारे. त्यांच्या गेदराला व्यापारी हात लावत नसत, थोडा माल म्हणून. तुम्ही म्हणालात, रक्त काढून, बर्फात घालून आणा, मी विकते. आणि माझ्यासमोर बाजारात आणून ओतलात. गिऱ्हाईक यायचं, काळा मासा नको म्हणायचं, पुढे जायचं. दोन दिवस तुम्ही बघितलंत. तिसऱ्या दिवशी घरातला स्टो, तवा आणि मसाल्याचा डबा घेऊन माझ्या जागेवर येऊन बसलात, आणि भर बाजारात तुकड्या तळायला घेतल्यात. सगळा बाजार वास काढत आला. पुण्याची एक जोडी होती, बाई मासे खाणारी आणि नवरा न खाणारा. तुम्ही नवऱ्यालाच तुकडी दिलीत. त्याने भीत भीत तोंडात घातली आणि नंतर बाईला म्हणाला, हा घेऊ. तुम्ही माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावलात. आई, तुम्हाला डोळा मिचकावता येतो हे मला तेव्हा कळलं.

हळूहळू गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या दोन खानावळी गळाचा गेदर मागायला लागल्या. सुलेमानभाईंच्या बरोबरीने आणखी काही लहान होड्या तसा माल आणायला लागल्या. तुम्हाला तेवढ्याने समाधान नव्हतं. तुम्ही बंदरावरच्या बायकांना आपल्या पडवीत जमवलंत. मी चहा करत होते, मला सगळं ऐकू येत होतं. तुमचं म्हणणं साधं होतं: बोटी आपल्या हातात नाहीत, जाळी आपल्या हातात नाहीत, पण तोंड आपलं आहे. आपण पुकारलं नाही तर माल विकला जात नाही. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, त्याहून लहान गेदर कोणी पुकारायचा नाही. त्यावर पहिला वाद झाला तो हात कोणाचा धरायचा यावर. विमलचा हात आखूड, तुमचा लांब. बायका हसून हसून लोळल्या. शेवटी विमलचा हात ठरला. ती दिवसभर तो हात मिरवत फिरत होती.

तो अर्धा हंगाम तुमच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ असावा. मुलगा बोलत नव्हता तरी. मला तसं वाटतं. मी विचारलं नाही.

मग व्यापाऱ्यांनी आपसात ठरवलं. ज्या बायका लहान मासा नाकारतात त्यांचा मोठा मासाही घ्यायचा नाही. काही बोटवाल्यांनी आपला माल दुसऱ्या बंदरावर उतरवला. एकेक बाई गळायला लागली. कोणाच्या घरात लग्न होतं, कोणाचा नवरा आजारी होता, कोणाचा मुलगा त्याच बोटीवर खलाशी होता. शेवटी विमल आली. दारातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, मंदा, मला नाय जमत. तुम्ही म्हणालात, जा. एवढंच. तिला तुम्ही शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं, ती अजून म्हणते. त्या एका 'जा'ने ती तुमच्यासमोर यायची थांबली.

त्यानंतर तुम्ही एकट्याच नाकारत राहिलात. तुमच्यासमोर टोपली यायची, तुम्ही मासा उचलायचात, हाताला लावून बघायचात, मान हलवायचात. टोपली पुढच्या बाईकडे जायची. काही दिवस तर दिवसभरात तुमच्याकडे पुकारायला काहीच नसायचं. घरी येऊन तुम्ही कमरेला खोचलेला पदर सोडायचात आणि तशाच बसायचात.

आपलं शेवटचं भांडणही त्यावरूनच झालं, तुम्ही आजारी पडायच्या आदल्या संध्याकाळी. मी चिडले होते. मी म्हटलं, तुम्ही पुकारलं नाहीत म्हणून समुद्रात एक तरी मासा जास्त राहिला का? विमलने पुकारलाच ना? व्यापाऱ्याने घेतलाच ना? ट्रक गेलाच ना? तुम्ही कांदा चिरत होतात.

"नाय ऱ्हायला," म्हणालात.

मला वाटलं आता पुढे काही म्हणाल. तुम्ही कांदा चिरून संपवलात, ताट सरकवलंत आणि म्हणालात, "पण माझ्या तोंडातून त्याचा भाव निघाला नाय."

मी म्हटलं, ही समुद्राची माया नव्हे, हा तुमचा मान आहे.

"असेल," तुम्ही म्हणालात. तेवढ्यात दूध उतू गेलं, मी धावले, आणि बोलणं तिथेच राहिलं. मला त्यावर उत्तर सुचलं होतं. नंतर तेही चुकीचं वाटलं. आता वाटतं, मान आणि माया ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मी कशावरून धरलं? मुलाने नाव काढावं असं वाटणं आणि मुलावर जीव असणं तुमच्यात एकच होतं. समुद्राचंही तसंच असेल. पण हे मी तुम्हाला सांगायला गेले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "वैशू, तू लय बोलतेस."

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे, अंधारातच, तुम्ही चुलीपाशी पाणी तापवायला गेलात आणि तिथेच पडलात. तोंड वाकडं झालं होतं, हात उचलत नव्हता. शेजाऱ्यांच्या रिक्षातून तुम्हाला दवाखान्यात नेलं. वाटेत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात की माझ्या पलीकडे, मला कळत नव्हतं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावून सांगितलं. डोक्यात रक्तस्राव झालाय, मोठा आहे. आता त्यांना काही समजत असेल असं वाटत नाही. मुलगा असेल तर बोलावून घ्या.

मुलगा समुद्रात होता. तिथे फोन लागत नाही. मी सुलेमानभाईंना फोन केला. ते जेटीवर होते. त्यांनी तिथे लागलेल्या एका बोटीचा वायरलेस घेतला आणि निरोप सोडला. त्या बोटीने पुढच्या बोटीला सांगितलं, तिने तिच्या पुढच्या. सुलेमानभाई नंतर मला म्हणाले, ज्यांचा माल मंदाबायने नाकारला त्या बोटींनी पण निरोप थांबवला नाही. कोणीतरी तर परत परत सांगत होतं: मंदाबायची तब्येत वाईट आहे, दिनेशला घरी पाठवा.

दुपार व्हायच्या आत दिनेश दवाखान्याच्या दारात उभे होते. मला आश्चर्य वाटलं, एवढ्या लवकर कसे आले. विचारायचं सुचलं नाही. अंगावरचे कपडे भिजलेले, हातांना खवले चिकटलेले. नर्स म्हणाली, हात धुऊन या. त्यांनी ऐकलं नाही की त्यांना समजलं नाही, कोण जाणे. ते खाटेच्या पायथ्याशी आले आणि तुमचा पाय दोन्ही हातांत धरला. दोन हंगामांनंतर पहिल्यांदा ते तुमच्याशी बोलले. मधे मला न घालता.

"आई, मी आलोय."

तुम्ही डोळे उघडले नाहीत. ते उशाशी गेले, वाकले आणि तुमच्या कानाशी काहीतरी बोलले. बराच वेळ बोलत होते. मला ऐकू आलं नाही. मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही, इतके महिने मधे उभी राहून मला पुरे झालं होतं. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. संध्याकाळी तुम्ही गेलात.

आता ती गोष्ट.

बंदी लागल्यावर खलाशी आपापल्या गावी निघाले. आपल्या बोटीवरचा जो नेपाळी पोरगा तुम्हाला "आमा", म्हणजे आई, म्हणायचा, तो निरोप घ्यायला आला. तुमच्या फोटोसमोर बसला, रडला. जाताना मला म्हणाला, त्या दिवशी मालकांनी सगळं जाळं सोडून दिलं, तुम्हाला माहीत आहे ना? मला माहीत नव्हतं.

काही दिवसांनी आम्ही पडवीत फाटलेलं जाळं तुणायला बसलो होतो. मी विचारलं, "त्या दिवशी जाळं सोडलंत?"

"घाई होती," ते म्हणाले.

"भरलेलं होतं?"

"भरलेलं."

"काय होतं?"

तुणायची सुई त्यांच्या हातात थांबली. "गेदर. बारीक."

मग त्यांनी सांगितलं. थोडं थोडं, माझ्याकडे न बघता. उजाडायच्या वेळी निरोप आला तेव्हा तळाचा दोर ओढून झाला होता, पिशवी बंद झाली होती. तेवढा मासा वर काढायचा म्हणजे कितीतरी वेळ गेला असता. भागीदार दुसऱ्या बोटीवरून वायरलेसवर ओरडत होता, माल काढून घे, तासाभराने काय फरक पडतो. दिनेशनी वायरलेस बंद केला आणि दोर सोडायला सांगितलं. खलाशांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा सोडला. दिवे अजून चालू होते. दिव्यांखाली सगळं पाणी माशाने काळं झालेलं, ते एकदम फिरलं आणि खाली गेलं. "एक पण वर ऱ्हायला नाय," ते म्हणाले. मग रिकामं जाळं भराभर ओढून घेतलं आणि बोट किनाऱ्याकडे वळवली. बंदरावर त्यांची बोट रिकामी आली, हे त्या दिवशी कोणाच्या लक्षातही आलं नाही.

ते म्हणाले, "मी काय तिचं ऐकून सोडलं नाय. घाई होती म्हणून सोडलं."

"बरं," मी म्हटलं.

"पण बघत ऱ्हायलो," ते म्हणाले.

आई, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. दिवे अजून आहेत, पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली. भागीदाराचे फोन येतात, पुढच्या हंगामाचं काय ते विचारतो. कधी दिनेश उचलतात, कधी वाजू देतात. नारळीपौर्णिमेनंतर ते काय करतील मला माहीत नाही, आणि त्यांनाही माहीत नसावं. मी त्यांच्या मागे लागत नाही. सुलेमानभाई परवा येऊन बसले होते. दोघं बराच वेळ पावसाकडे बघत बसले, गळाचं नाव कोणी काढलं नाही. विमल मात्र येते. चहा घेते आणि तुम्हाला नावं ठेवते. काल म्हणाली, पुढच्या हंगामात मी बंदरावर पुकारायला यावं, ती माझ्या शेजारी उभी राहील. मी म्हटलं, माझा आकडा खाली धरला जातो. ती म्हणाली, मग खाली धर, पण लहान पुकारू नको. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

त्या दिवशी पडवीत जाळं आवरताना अंधार पडायला आला होता. दिनेश उठले, दाराशी गेले आणि परत आले. सुई शोधत असावेत असं मला वाटलं. सुई त्यांच्या हातातच होती.

"मी तिच्या कानात बोललो ना," ते म्हणाले, "तिला ऐकू गेलं काय गो?"

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काय सांगितलं होतं ते मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. तुमच्या पापण्या हलल्या नव्हत्या, बोट हललं नव्हतं, मी खिडकीकडे तोंड करून उभी होते. ते काय बोलले तेही मला माहीत नाही.

मी म्हटलं, "गेलं. सगळं ऐकू गेलं."

ते मान हलवून आत गेले, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

आई, मी तुमच्या वतीने हो म्हटलंय. माझा शब्द खाली पडू देऊ नका.